फ्लूच्या कॅप्सूल चालू असताना मद्य: पथ्य नेमके कशाचे?

अनुस्वार | गुरुवार, संध्याकाळी ७.४०

रविवारी रात्री कणकण आली, सोमवारी दुपारपर्यंत ताप १०२ अंशांवर गेला आणि संध्याकाळच्या तपासणीत इन्फ्लुएन्झा ‘ए’ निघाला. त्याच रात्रीपासून ऑसेल्टामिविर सुरू आहे: ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पाच दिवस, म्हणजे एकूण दहा. काल रात्रीपासून ताप उतरला आहे. खोकला आणि थकवा मात्र मुक्कामाला आहेत. शेवटची कॅप्सूल शनिवारी सकाळी संपेल आणि त्याच रात्री आम्हा जुन्या मित्रांची बैठक आहे, जिची तारीख जुळवायला आम्हाला सहा महिने लागले. बैठक म्हणजे कोणती, हे इथल्या जाणकारांना सांगायला नको.

खोक्यातील माहितीपत्रक मी दोनदा वाचले. त्यात मद्याचे नाव कुठेही नाही. एरवी साध्या सर्दीच्या गोळीवरही ‘मद्यपान टाळावे’ अशी तंबी असते, मग इथेच मौन का, हे कळेना. लिहिले नाही म्हणजे चालते असे समजावे, की लिहिण्याची गरजच वाटू नये इतके ते उघड आहे? पथ्य असेल तर ते नेमके कशाचे: कॅप्सूलचे, तापाचे, की निव्वळ आपल्या मनाचे? डॉक्टरांना विचारायचे धैर्य झाले नाही, हेही कबूल करतो. माझी मजल दोन पेगांपलीकडे नाही.

किनारा | गुरुवार, संध्याकाळी ७.५२

तुम्ही दोन घेणार हे ठरले. विषाणू किती घेणार तेही आधीच विचारून ठेवा, म्हणजे बिल वाटून घेताना वाद होणार नाही.

उंबरठा | गुरुवार, रात्री ८.०५

मला यात प्रश्नच दिसत नाही. औषध चालू असेल तर मद्य नाही, मग ते औषध कोणतेही असो. प्रत्येक गोळीसाठी वेगळा हिशेब मांडत बसलो, तर आज फ्लूच्या कॅप्सूलला सूट, उद्या खोकल्याच्या औषधाला सूट आणि परवा सूट हाच नियम, असे होते. सहा महिने थांबलेली बैठक आणखी पंधरा दिवस थांबल्याने कोणाचेही नुकसान होणार नाही. माहितीपत्रकात मोटार चालवत झोपू नका असेही लिहिलेले नसते.

औषधटिपण | गुरुवार, रात्री ८.४०

मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आहे आणि बरीच वर्षे रुग्णालयाच्या औषध विभागात काम केले आहे, म्हणून धागाकर्त्यांच्या प्रश्नाचा कॅप्सूलपुरता भाग आधी घेते.

ऑसेल्टामिविर पोटात जाते तेव्हा ते अजून औषध झालेलेच नसते. यकृतातील कार्बॉक्सिलेस्टरेज नावाचे विकर त्याचा एक तुकडा तोडते आणि मग जे ऑसेल्टामिविर कार्बॉक्सिलेट उरते, ते खरे काम करते: नव्याने तयार झालेल्या विषाणूंना पेशीच्या पृष्ठभागावरून सुटू देत नाही. घेतलेल्या मात्रेपैकी किमान ७५ टक्के भाग या सक्रिय रूपात रक्तात पोहोचतो आणि पुढे जवळजवळ सगळाच मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. यकृतातील ज्या सायटोक्रोम कुटुंबातील विकरांवरून बहुतेक औषधांची आणि मद्याची भांडणे होतात, त्यांच्याशी या औषधाचा संबंध जवळजवळ नाही. माहितीपत्रकाच्या मौनाचे कारण हे आहे. यकृताचा सौम्य किंवा मध्यम विकार असलेल्या रुग्णालाही मात्रा बदलावी लागत नाही. मूत्रपिंडे कमकुवत असतील तर मात्र ती कमी करावी लागते.

तेव्हा ‘कॅप्सूलवर दोन पेग घेतले तर विष तयार होईल का’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु उत्तर ‘नाही’ आले म्हणजे परवानगी मिळाली, असा अर्थ कृपया काढू नये. दोन्ही गोष्टी पोटात एकाच दाराने शिरतात. या औषधाचा सर्वांत नेहमीचा त्रास म्हणजे मळमळ आणि उलटी, म्हणून ते काहीतरी खाऊन घ्यायला सांगतात. मद्यही पोटाच्या अस्तराला डिवचते. दोघांनी मिळून उलटी घडवली आणि त्यात नुकतीच घेतलेली कॅप्सूल गेली, तर उपचाराला भोक पडले.

त्रिज्या | गुरुवार, रात्री ९.१०

उंबरठा यांच्या सरसकट नियमाबद्दल मला आदर आहे, पण त्याची एक वाईट बाजू मी घरात पाहिली आहे. माझ्या धाकट्या भावाला असाच फ्लू झाला होता आणि ‘औषधावर प्यायची नाही’ हे वाक्य त्याच्या मनात पक्के बसलेले होते. त्याने ते पाळलेही, फक्त उलट बाजूने: तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर त्याने कॅप्सूल बंद केल्या, कारण चौथ्या दिवशी त्याला मित्रांकडे जायचे होते. उरलेल्या चार कॅप्सूल नंतर कित्येक महिने कपाटात सापडत राहिल्या. कुठला नियम कशासाठी आहे हे सांगितले नाही, की माणूस तो आपल्या सोयीच्या टोकाने धरतो.

उंबरठा | गुरुवार, रात्री ९.१८

भावाने चूक केली, नियमाने नव्हे.

त्रिज्या | गुरुवार, रात्री ९.२१

मान्य, पण चुकीला जागा नियमाने दिली.

सातवा_मजला | गुरुवार, रात्री ९.३५

एक प्रामाणिक शंका. हातांवरचा विषाणू मारायला आपण अल्कोहोलच चोळतो ना? मग घशातल्या विषाणूंना तेच अल्कोहोल थोड्या रुचकर रूपात का पोहोचवू नये? तीर्थ म्हणून घेतले तर दोन्ही हेतू साधतील.

औषधटिपण | गुरुवार, रात्री ९.५०

हसू आले, तरी उत्तर देते, कारण हा समज गंभीरपणे बाळगणारे लोक मला भेटले आहेत. हातांना चोळायच्या द्रावात अल्कोहोल किमान ६० टक्के असावे लागते आणि ते कातडीवर काही सेकंद टिकावे लागते. व्हिस्कीत ते साधारण ४० टक्के असते आणि घशात क्षणभरही थांबत नाही. मुख्य म्हणजे फ्लूचा विषाणू घशाच्या भिंतीवर बसलेला नसून भिंतीच्या पेशींच्या आत असतो. तिथे पोहोचेल इतके अल्कोहोल रक्तात चढवले, तर विषाणूच्या आधी यजमानाचा निकाल लागेल.

जुनीवही | गुरुवार, रात्री १०.१५

थोडे अवांतर, पण विषय सोडून नाही. मद्य हे फ्लूचे औषध मानले जाण्याचा इतिहास फार जुना नाही. १९१८ च्या महासाथीत अनेक डॉक्टर व्हिस्की आणि ब्रँडी लिहून देत असत. मद्य हृदयाला उभारी देते असा त्यांचा विश्वास होता. गंमत अशी की अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतून या दोन्ही मद्यांना त्याआधीच, १९१६ मध्ये, वगळले गेले होते. अमेरिकी वैद्यक संघटनेने १९१७ मध्ये मद्याच्या औषधी वापराविरुद्ध ठरावही केला. पुढे १९२० मध्ये दारूबंदी लागू झाली आणि व्हिस्की कायदेशीरपणे मिळवण्याची एक वाट म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी उरली, तेव्हा त्या चिठ्ठ्यांची संख्या किती वाढली असेल याची कल्पना सातवा_मजला यांना सहज करता येईल.

ब्रँडीने ऊब येते हा अनुभव मात्र खोटा नाही, त्याचा अर्थ खोटा आहे. मद्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, त्यामुळे गरम वाटते आणि प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर निघून जाते.

दीर्घवेलांटी | गुरुवार, रात्री १०.४०

मी हे करून पाहिले आहे, म्हणून सांगते. चार वर्षांपूर्वी धागाकर्त्यांसारखीच चौथ्या दिवशी बरी झाले असे मला वाटले आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाइनचे दोन ग्लास घेतले. ऐन वेळी काहीच झाले नाही. उलट दिवसभर जड असलेले डोके हलके वाटले आणि झोपही लगेच लागली. पहाटे तीनला जाग आली तेव्हा तोंड कोरडे ठणठणीत पडले होते, छातीत धडधड होत होती आणि अंग घामाने भिजले होते. ताप परत आला की मद्याचा परिणाम आहे, की आणखी काही नवीन सुरू झाले आहे, हे तापमापी लावूनही मला ठरवता येईना. तो दिवस मी पूर्ण अंथरुणात काढला. कॅप्सूलने मला दगा दिला नाही, वाइननेही तिच्या स्वभावाप्रमाणेच वागणूक दिली. मी फक्त स्वतःच्या बरे होण्याचा अंदाज चुकवला. तापाच्या चार दिवसांत शरीरातले पाणी किती कमी झालेले असते याचा विचारही मी केला नव्हता, आणि मद्य तर मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगणारे संप्रेरकच दाबून टाकते.

दोन ग्लासांचा एवढा त्रास मला एरवी कधीही झालेला नाही.

मूलकण | शुक्रवार, सकाळी ८.२०

औषधटिपण यांच्या प्रतिसादातील एका वाक्यावर अडलो आहे. कार्बॉक्सिलेस्टरेज हे विकर अल्कोहोलला अगदीच परके नाही. कोकेन आणि मद्य एकत्र घेतले की याच विकराच्या हातून कोकाएथिलीन नावाचे तिसरेच रसायन तयार होते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मग ऑसेल्टामिविर तोडायच्या वेळी अल्कोहोल मध्ये लुडबुड करत नाही, असे कसे म्हणता येईल?

औषधटिपण | शुक्रवार, सकाळी ९.०५

नेमके बोट ठेवलेत. प्रयोगशाळेत अल्कोहोलमुळे या विकराचे काम मंदावते, हे खरे आहे, आणि मी ते काल सांगायला हवे होते. परंतु मंदावणे आणि थांबणे यांत अंतर आहे. यकृतात हे विकर मुबलक असते, आणि एकदा तयार झालेल्या सक्रिय रूपाचा अर्धा भाग शरीरातून जायला ६ ते १० तास लागतात, म्हणूनच दिवसातून दोन कॅप्सूल पुरतात. दोन पेगांमुळे मात्रा वाढवावी किंवा बदलावी, असे कोणतेही मार्गदर्शन नाही. माझा मूळ मुद्दा कायम आहे: या प्रकरणात कॅप्सूल हा कच्चा दुवा नाही.

उंबरठा | शुक्रवार, सकाळी ९.३०

मग मी निराळ्या वाटेने येतो. याच औषधाच्या चाचण्यांचा कॉक्रेन समूहाने २०१४ मध्ये जो आढावा घेतला, त्यात मोठ्या माणसांची लक्षणे सरासरी १६.८ तास आधी कमी झाली असे निघाले. म्हणजे दहा कॅप्सूल गिळून, मळमळ सोसून हाती येतो तो जेमतेम पाऊण दिवस. दीर्घवेलांटी यांनी दोन ग्लासांत एक पूर्ण दिवस अंथरुणात घालवला. हिशेब मीच करावा, की धागाकर्ते करतील?

किनारा | शुक्रवार, सकाळी ९.३४

उंबरठा यांच्या एखाद्या प्रतिसादाशी मी प्रथमच सहमत झालो आहे. मला ताप तर नाही ना, हे तपासून येतो.

अर्धविराम | शुक्रवार, दुपारी १२.१०

माझी अवस्था जरा वेगळी आहे. फ्लू मला नाही, पत्नीला आहे. मला दम्याचा त्रास असल्याने डॉक्टरांनी प्रतिबंधासाठी हीच कॅप्सूल दिवसातून एकदा, दहा दिवस घ्यायला सांगितली आहे. मला ताप नाही, अशक्तपणा नाही, पाणी कमी पडलेले नाही. दीर्घवेलांटी आणि उंबरठा यांचे सगळे मुद्दे आजाराचे आहेत आणि मी आजारी नाही. मग माझ्या रात्रीच्या एका बिअरचे काय?

औषधटिपण | शुक्रवार, दुपारी १.००

तुमच्या प्रश्नामुळे औषध आणि आजार आपोआप वेगळे झाले. निरोगी माणूस, रोज एक कॅप्सूल, जेवणाबरोबर घेतलेली, आणि रात्री एक बिअर: औषधाच्या बाजूने यात अडण्यासारखे काही नाही. मळमळ जाणवली तर बिअर सोडा, कॅप्सूल सोडू नका. ताप किंवा खोकला सुरू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण मग मात्रा प्रतिबंधाची राहत नाही, उपचाराची होते, आणि उपचार लक्षणांच्या पहिल्या ४८ तासांत सुरू झालेला बरा. दम्याची औषधे कोणती चालू आहेत, हेही त्यांना मद्याच्या संदर्भात एकदा विचारून घ्यावे.

मात्र हे उत्तर ऑसेल्टामिविरचे आहे, फ्लूच्या प्रत्येक औषधाचे नाही. झॅनामिविर श्वासावाटे ओढायचे असते, त्यामुळे पोटाचा प्रश्न कमी, पण त्याने श्वासनलिका आकसू शकतात म्हणून दमेकऱ्यांना ते सहसा देत नाहीत. बॅलॉक्सॅविरची एकच मात्रा असते आणि शरीरातून त्याचा निम्मा भाग जायलाच तीन दिवसांहून अधिक लागतात, त्यामुळे ‘औषध संपल्यावर घेईन’ ही भाषा तिथे लागू होत नाही. त्याचे खरे पथ्य आहे दुधाचे पदार्थ आणि आम्लपित्ताच्या कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या औषधांचे. ती बरोबर घेतली तर औषध नीट शोषले जात नाही. मद्याशी उघड वैर आहे ते अमॅन्टाडिनचे. एकेकाळी फ्लूसाठी ते सर्रास वापरले जाई. मद्याबरोबर त्याने चक्कर, गोंधळ आणि उभे राहताच रक्तदाब उतरणे हे त्रास वाढतात, आणि तशी सूचना त्याच्या पत्रकात स्पष्ट असते. आजचे फ्लूचे विषाणू त्याला दाद देत नसल्याने फ्लूसाठी ते आता देत नाहीत, पण कंपवातासाठी अजूनही देतात. घरातल्या वयस्कर माणसाच्या डबीत ते असू शकते.

चौकट | शुक्रवार, दुपारी २.२५

सगळी चर्चा कॅप्सूलभोवती फिरते आहे, पण फ्लूच्या रुग्णाच्या उशाशी एकच पाकीट कधीच नसते. ऑसेल्टामिविरबरोबर तापाची गोळी असते, सर्दीची संयुक्त गोळी असते, खोकल्याचे पातळ औषध असते. सर्दीच्या गोळीत बहुधा क्लोरफेनिरामिनसारखे गुंगी आणणारे द्रव्य असते आणि मद्यात ते मिसळले की दोन पेगांचे चार होतात. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, काहींत चक्क अल्कोहोल असते. आणि पॅरासिटामॉल तर तापाच्या गोळीतही असते, सर्दीच्या गोळीतही असते. माणूस दोन वेगळी औषधे घेतो आहे असे समजून एकच औषध दुप्पट घेत राहतो.

पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे. मर्यादेत घेणाऱ्या, नीट जेवणाऱ्या आणि कधीतरीच पिणाऱ्या माणसाला त्यावर एका पेगाने काही होईल असे मी म्हणत नाही. प्रश्न रोज पिणाऱ्यांचा आहे. यकृत या औषधाचा थोडा भाग एका विषारी द्रव्यात बदलते आणि यकृतातलेच ग्लुटाथायोन नावाचे संरक्षक रसायन लगेच त्या द्रव्याला निकामी करते. रोजच्या मद्याने ते विष तयार करणारे विकर वाढते, आणि तापातील उपासाने ग्लुटाथायोनचा साठा घटतो. त्यात विचित्र गोष्ट अशी की मद्य रक्तात असेपर्यंत ते त्याच विकराला गुंतवून ठेवते. आजारामुळे पिणे थांबले की विकर मोकळे होते आणि पॅरासिटामॉलवर तुटून पडते. म्हणून ‘मी दोन दिवस घेतलेली नाही, आता गोळ्या कितीही चालतील’ हा समज अगदी उलटा आहे. यकृताला इजा झाली तरी पहिल्या दिवशी फारसे काही जाणवत नाही, हे त्यातले सर्वांत वाईट.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११.३०

चौकट यांनी रोज पिणाऱ्यांचा विषय काढला म्हणून लिहिते, एरवी मी फक्त वाचत असते. मी परिचारिका आहे आणि फ्लूच्या हंगामात अनेक रात्री वॉर्डात काढल्या आहेत.

या धाग्यावर सगळ्यांनी ‘प्यावे की नाही’ हा एकच प्रश्न धरला आहे. आम्हाला वॉर्डात ज्याची जास्त भीती वाटते तो रुग्ण पीत नसतो. त्याने नुकतीच सोडलेली असते. रोज संध्याकाळी ठरावीक प्रमाणात घेणारा माणूस फ्लूने आडवा होतो, घशाखाली काही उतरत नाही, शिवाय घरचेही ‘औषध चालू आहे, आता थेंबही नाही’ असे बजावतात. वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात शून्यावर येते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, मळमळते, झोप लागत नाही. आणि ही सगळी लक्षणे फ्लूचीही असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरायला हवा, तर माणूस उलट अस्वस्थ होतो, खोलीत नसलेली माणसे त्याला दिसू लागतात, तो सलाइनच्या नळ्या उपटतो. काहींना त्याआधीच झटके येतात.

मग नातेवाईक माहितीपत्रक घेऊन येतात आणि त्यातील ‘भ्रम, भास’ या शब्दांवर बोट ठेवून कॅप्सूल बंद करायला सांगतात. त्यांची भीती हवेतून आलेली नाही. तरुण रुग्णांच्या विचित्र वागण्याच्या बातम्यांनंतर जपानने २००७ मध्ये १० ते १९ वर्षांच्या मुलांना हे औषध देण्यावर निर्बंध घातले होते, आणि ते २०१८ मध्ये उठवले. तीव्र फ्लूनेही माणूस बरळतो. पण जो रुग्ण रोज पीत होता आणि तीन दिवसांपूर्वी अचानक थांबला, त्याच्या बाबतीत आम्ही आधी मद्य सुटल्याच्या वाताचा विचार करतो, कारण तो जीव घेऊ शकतो आणि वेळेवर कळला तर त्यावर उपचार आहेत. मात्र तो वेळेवर कळायला कोणीतरी सांगावे लागते. मी रुग्णाला एकटे गाठून विचारते, ‘काका, रोज किती घेता?’ पत्नी किंवा मुलगा खोलीत असला की उत्तर ‘कधीतरी’ असे येते, आणि ते बाहेर गेले की आकडा येतो.

तेव्हा रोज घेणाऱ्याने आजारपणात एकट्याने, गुपचूप, एका रात्रीत सोडू नये आणि चोरून चालूही ठेवू नये. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना खरा आकडा सांगावा. त्यावर कोणी व्याख्यान देत नाही. निदान माझ्या वॉर्डात तरी मी देऊ देत नाही.

सातवा_मजला | शनिवार, सकाळी ७.१५

परवा तीर्थाचा विनोद केला तेव्हा धागा इथवर येईल असे वाटले नव्हते. माझे वडील रोज घेतात आणि त्यांना दोन दिवसांपासून ताप आहे. तपासणी आज आहे. रात्रपाळी यांचा प्रतिसाद मी आईला फोनवरून वाचून दाखवला आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, ‘डॉक्टरांना मीच सांगते.’

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ७.३०

आकडा पेगांत नको, बाटलीच्या हिशेबात सांगा. घरच्या पेगाला माप नसते. शेवटचे कधी घेतले, ती वेळही लक्षात ठेवून सांगा. दरम्यान थरथर वाढली, ते असंबद्ध बोलू लागले किंवा झटका आला, तर तपासणीच्या वेळेची वाट न पाहता सरळ रुग्णालयात न्या.

पूर्णविराम | शनिवार, सकाळी ९.१०

तीन दिवस वाचतो आहे आणि एक गोष्ट कोणीच कशी विचारली नाही याचे नवल वाटते. धागाकर्त्यांनी प्यावे की नाही यावर पानभर चर्चा झाली, पण त्यांनी त्या बैठकीला जावे की नाही? फ्लूचा रुग्ण लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण पाच ते सात दिवस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. रविवारी रात्रीपासून मोजले तर आज सहावा दिवस, आणि खोकला अजून आहे. ताप बुधवारी उतरला, पण तो तापाच्या गोळीशिवाय उतरला होता का? गोळी न घेता २४ तास ताप नसणे ही घराबाहेर पडण्याची किमान अट असते. बंद खोलीत चार तास शेजारी बसून, मोठ्याने हसत, कदाचित एकमेकांच्या ग्लासातून घोट घेत जे होते, त्यात मद्य हा सर्वांत निरुपद्रवी भाग असेल.

उंबरठा | शनिवार, सकाळी ९.१६

हे मला सुचायला हवे होते.

अनुस्वार | शनिवार, सायंकाळी ६.४५

सर्वांचे आभार, आणि उशिरा आल्याबद्दल क्षमस्व.

चौकट यांचा प्रतिसाद वाचून काल उशाशी असलेली पाकिटे उलटी करून पाहिली. तापाच्या आणि सर्दीच्या अशा दोन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉल निघाले. मी दोन्ही घेत होतो, दोन्ही वेगवेगळ्या कारणांसाठी, आणि बुधवारी रात्री ताप ‘उतरला’ तेव्हाही त्या चालूच होत्या. त्यामुळे पूर्णविराम यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे ‘नाही’ असेच आहे. अखेर आज सकाळी डॉक्टरांना फोन केला. मद्याचे विचारताना मी चाचरलो, पण त्या मुळीच चकित झाल्या नाहीत. त्यांनी मला एवढेच विचारले की एरवी किती घेता, सध्या जेवण जाते का आणि बैठकीत कोण कोण आहे. एका मित्राला मधुमेह आहे आणि दुसऱ्याच्या घरी तान्हे बाळ आहे, हे सांगितल्यावर पेगांचा प्रश्न त्यांनी परत काढलाच नाही.

कॅप्सूल सकाळी संपली. सर्दीची गोळी बंद केली आहे. मित्रांना कळवले; त्यांनी बैठक रद्द केली नाही, फक्त माझी खुर्ची रिकामी ठेवून तिच्यासमोर फोन उभा केला आहे. साडेआठला मी घरूनच लिंबूपाणी घेऊन हजर राहणार आहे.

किनारा | शनिवार, सायंकाळी ६.५०

बिलात तुमचा वाटा धरणार आहेत का, तेवढे आत्ताच विचारून घ्या.

दीर्घवेलांटी | शनिवार, सायंकाळी ७.०५

सातवा_मजला, वडिलांच्या तपासणीचे काय झाले?

सातवा_मजला | शनिवार, रात्री १०.२०

इन्फ्लुएन्झाच निघाला. त्यांना दाखल करून घेतले आहे. कॅप्सूल सुरू झाली, आणि आईने आकडा सांगितल्यामुळे दुसरेही औषध सुरू झाले आहे. हात थरथरत आहेत, पण बोलणे स्वच्छ आहे. रात्रीच्या परिचारिकेने मला बाहेर जायला सांगून त्यांना काहीतरी विचारले. मी दाराबाहेर उभा राहून हे लिहितो आहे.